‘शिपिंग अँड हँडलिंग’ला काय म्हणायचं? हाताळणी, हमाली की रवानगी

अथणीची सून
आमचं चपलांचं घरचं काम आहे. सासरे आणि दीर शिवतात, ऑर्डर मी व्हॉट्सअ‍ॅपवर घेते. नवीन पावतीपुस्तक मराठी-कन्नड दोन्हीत छापायचंय. छापखान्यातल्या काकांनी ‘शिपिंग अँड हँडलिंग’चं ‘वहन व हाताळणी शुल्क’ केलं. पुण्याच्या एका गिऱ्हाईक बाई म्हणाल्या, “हाताळणीचे पैसे कसले? हात न लावता पाठवणार होता काय?” मला उत्तरच सुचेना.

रविवार पेठ
बाईंचं बरोबर आहे की! आमच्या पट्टीवर, म्हणजे मालाच्या हिशेबाच्या पावतीवर, अडत, तोलाई, हमाली वेगवेगळी लिहितात. पोतं कोणी उचललं ते दिसतं, म्हणून हमालीवर कोण भांडत नाही. ‘हाताळणी’त कोणी काय केलं ते दिसत नाही.

वडगावकर
पण चपलेच्या एका जोडाला हमाली? ‘पाठवणी खर्च’ लिहा.

निपाणीची मावशी
पाठवणी नको गं बाई. चपलेबरोबर पोरगीही सासरी निघाली वाटेल.

रविवार पेठ
😄 मग ‘रवानगी’. आणि वहिनी, १५० रुपये घेता त्यात काय काय धरता ते सांगा. शब्द त्यातूनच निघेल.

अथणीची सून
कुरिअरचे साधारण ११०. खोका, कागद, टेप मिळून २५. उरलेले रिक्षा आणि माझा वेळ. काट्यावर जोड खोक्यासकट ८०० ग्रॅम भरतो, पण कुरिअरवाला खोक्याच्या आकारावरून वजन धरतो, म्हणून पैसे दीड किलोचे लागतात. खोका ३० × २० × १२ सेंमी. गुणाकार ७२००, त्याला ५००० ने भागलं की १.४४ किलो, आणि अर्ध्या-अर्ध्या किलोची पायरी म्हणून दीड. धाकटा दीर त्याला ‘हवेचं वजन’ म्हणतो.

वडगावकर
‘हवेचं वजन’ झकास! हे पावतीवर नको, पण गिऱ्हाइकाला समजावताना वापरा. उपाय मात्र खोक्यातच आहे. उंची १० वर आणली तर १.२, पण पायरी तीच. ८ वर आणली तरच ०.९६, म्हणजे एका किलोत.

अथणीची सून
तळ एकावर एक उलटे ठेवले तर ८ मध्ये बसेल. आज करून बघते. अजून एक. अथणी कर्नाटकात. मिरज इथून जवळ, पण महाराष्ट्रात; बिदर कितीतरी लांब, पण कर्नाटकात. तरी आमच्या कुरिअरवाल्याच्या तक्त्यात मिरज ‘परराज्य’, बिदर ‘राज्यात’.

निपाणीची मावशी
सीमेवर राहायचं म्हणजे हे आलंच. स्पीड पोस्ट अंतर आणि वजन बघतं, राज्य बघत नाही. तिकडचा दर विचारून ठेव.

रविवार पेठ
सगळ्यांना एकच १५० लावलेत, तर मिरजेचं गिऱ्हाईक दिल्लीवाल्याचं भाडं भरतंय. सोपं पडतं म्हणून बरेच जण तसंच करतात. ‘घरपोच मोफत’वाले ते किमतीत मुरवतात, एवढाच फरक. वेगळं लिहिलं म्हणून कर चुकत नाही. २०१७ च्या जीएसटी कायद्याप्रमाणे बांधणी, वाहतूक, विमा मालाबरोबरच विकला की सगळ्याला मुख्य मालाचा दर.

वडगावकर
आणि परत आलेली पार्सलं? कुरिअरवाले त्याला ‘आरटीओ’ म्हणतात, म्हणजे ‘रिटर्न टू ओरिजिन’. पहिल्यांदा मेसेज आला तेव्हा मी गाडीचे कागद शोधत बसलो होतो.

अथणीची सून
होय की! पैसे दारात द्यायचे म्हटलं की काही जण घेतच नाहीत, जाण्या-येण्याचं भाडं आमच्या अंगावर. ते कशात लिहू?

रविवार पेठ
कशातच नाही. पार्सल घेणाऱ्या गिऱ्हाइकाच्या माथी ते मारू नका. निदान अर्धे पैसे आगाऊ मागा.

अथणीची सून
ठरलं मग. दोन ओळी: ‘बांधणी’ आणि ‘रवानगी’. कन्नडमध्ये दीर ‘सागणे’ (म्हणजे वाहतूक) लिहा म्हणतोय. छापखान्यातले काका विचारतायत, हाताळणीचा ब्लॉक तयार आहे, त्याचे पैसे कोण देणार?