"काल केक खाल्लास ना, चल आता पळायला" असं मुलांशी बोलावं का?

परडी

शनिवारी आम्ही चौघं सकाळीच फळबागेत गेलो. आधी स्ट्रॉबेरी, मग ब्लूबेरी. स्ट्रॉबेरी ओढायची नाही, देठ नखाने खुडायचा, हिरवी टोपी फळावरच राहू द्यायची, हे नऊ वर्षांची लेक पाच मिनिटांत शिकली आणि मग धाकट्याला शिकवत बसली. दुपारी दोघांनी मिळून केक केला. तो फुगेपर्यंत दोघंही ओव्हनसमोरून हलली नाहीत.

रविवारी सकाळी बाबांनी लेकीला हाक मारली, "काल केक खाल्लास ना, चल, दोन फेऱ्या पळून जिरवू." ती हसतच गेली. पण संध्याकाळी उरलेला तुकडा हातात घेऊन तिने मला विचारलं, "आई, याच्यासाठी किती पळावं लागेल?" आणि तुकडा परत ठेवला. तेव्हापासून मला चैन नाही.

फळं तोडणं, केक करणं, पळणं, तिन्ही गोष्टी मला हव्याच आहेत. पण त्यांचा जमाखर्च मुलांपुढे मांडू नये. व्यायाम म्हणजे खाल्ल्याचा दंड नव्हे. तुम्हाला काय वाटतं?

पहाटपाऊल

मी असहमत. बाबांचं वाक्य चुकलं असेल, हेतू चुकला नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचना ५ ते १७ वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला सरासरी ६० मिनिटं मध्यम ते जोरकस हालचाल सांगतात. बोलता येतं पण गाता येत नाही इतपत दम लागला की ती मध्यम हालचाल. तुमची मुलं बागेत गाणी म्हणत होती का? म्हणत असतील तर ते तास व्यायामात धरू नका.

आता केक. त्यात २०० ग्रॅम साखर घातली आणि आठ तुकडे केले तर एका तुकड्यात २५ ग्रॅम. मोठ्या माणसानेही अशी वरून घातलेली साखर जमल्यास दिवसभरात साधारण एवढ्याच्या आत ठेवावी, असं हीच संघटना सुचवते. मुलांपुढे हिशेब मांडायचाच नाही, तर ती तो शिकणार कधी?

वाफ

हिशेब शिकवायचा तर बरोबर शिकवा. २५ ग्रॅम साखरेच्या १०० कॅलरी झाल्या, लोणी आणि मैदा वेगळेच. दोन फेऱ्यांत तो तुकडा जिरत नाही, म्हणजे ते वाक्य हिशेब म्हणूनही खोटं आहे. पळण्याने हृदय, हाडं, स्नायू बळकट होतात, झोप चांगली लागते. हे सगळं केक न खाल्लेल्या दिवशीही हवंच असतं की.

परडीताई, तुमच्या लेकीने तुकडा परत ठेवला हे वाचून मला गलबलून आलं. लहानपणी हेच वाक्य मी दर रविवारी ऐकलं आहे. पुढे कितीतरी वर्षं मी फक्त अपराधी वाटलं की पळायला जायचे. गोड खाल्लं नाही, त्या दिवशी बूट घालायचं कारणच उरायचं नाही. वाढदिवसाचा केक समोर आला की आधी उद्याचा व्यायाम आठवायचा. ही सवय सुटायला फार काळ गेला. तिचा प्रश्न आत्ताच ऐकू आला, हे बरं झालं.

पहाटपाऊल

वाफताई, तुमचा अनुभव मनाला लागला. "जिरवू" हा शब्द मीही घरात वापरतो. यापुढे वापरणार नाही.

पण मुद्दा सोडत नाही. व्यायामाची वेळ ठरलेली हवी. आमच्याकडे फिरायला गेलो म्हणून एक शनिवार सुटला, मग पाहुणे आले म्हणून, मग पाऊस म्हणून. दोन महिन्यांनी मुलगा जिना चढताना धापा टाकायला लागला. मजा आणि व्यायाम एकच आहेत असं म्हटलं की गळतो तो व्यायामच.

ओलं फडकं

मी बेकिंगपुरतंच बोलते. स्ट्रॉबेरी तोडल्यावर गोड होत नाही. अर्धी पांढरी तोडली तर घरी ती लाल दिसेल, गोडी वाढणार नाही. म्हणून देठापर्यंत लाल झालेलीच खुडायची. अशी फळं असली की केकमधली साखर पाव हिश्शाने कमी केली तरी बिघडत नाही. फळं धुवायची ती अगदी करायच्या वेळी, आणि नीट पुसून चमचाभर मैद्यात घोळवायची, म्हणजे तळाशी कमी बसतात. जॅमच्या साखरेला मात्र अंदाजाने कात्री लावू नका. तो घट्ट होतो आणि टिकतो त्यात साखरेचा मोठा वाटा असतो.

परडी

पहाटपाऊल, हो, मुलं गात होती. त्यामुळे रविवारचं पळणं राहील, तेवढं मान्य. केकशी त्याची सांगड मात्र मी घालू देणार नाही.

काल रात्री हा धागा नवऱ्याला वाचून दाखवला. तो बराच वेळ गप्प होता. सकाळी त्याने लेकीला सांगितलं की तो तुकडा कशाच्या बदल्यात नव्हता. ती म्हणाली, "मग आपण पळतो कशाला?" तो म्हणाला, "तू पुढे निघून जातेस ना, मला तुला गाठायचं असतं."

फडकंताई, आमच्या ब्लूबेरी सगळ्या तळाशी बसल्या होत्या. येत्या शनिवारी मैद्यात घोळवून बघते.