मदत हवी आहे: लेक वर्गात तोंडच उघडत नाही

नमस्कार मंडळी. आम्ही इंदूरचे, रामबागेत राहतो. मुलगी नववीत, शाळा इंग्रजी माध्यमाची. घरी मराठी, गल्लीत हिंदी, त्यामुळे इंग्रजी बोलताना थोडी अडखळते. शाळा उघडल्यावर तिने एक शंका विचारली, एक शब्द चुकला आणि मागच्या बाकांवर हशा पिकला. तेव्हापासून गप्पच.

परवा तिची गणिताची वही चाळली. समासात पेन्सिलने बारीक अक्षरात लिहून खोडलेले प्रश्न होते. एक पुसटसा वाचता आला: "इथे चिन्ह का बदललं?" अगदी रास्त शंका! पुढचं सगळं त्याच पायरीवर अडलंय, चाचणीतही तिथेच मार्क गेले. पोटात तुटलं हो माझ्या.

बी.एड.ला असताना मानसशास्त्रज्ञ सॉलोमन अ‍ॅश यांचे १९५०च्या दशकातले प्रयोग शिकले होते. रेषांची लांबी ओळखायची, इतकं सोपं काम. पण बाकीचे मुद्दाम चुकीचं सांगू लागले की सुमारे एक तृतीयांश वेळा माणसं त्यांच्याच सुरात सूर मिसळत. एकाने जरी बरोबर उत्तर दिलं, किंवा उत्तर कागदावर लिहू दिलं, तर हे प्रमाण बरंच घटे. म्हणून वाटतं, वर्गात सगळ्यांनाच शंका चिठ्ठीवर लिहून द्यायला सांगितलं तर?

सरांना भेटते म्हटलं तर ती रडवेली होते, "आणखी हसतील, आई." इथे कोणी शिक्षक आहात का? वर्गात असं काही करून पाहिलंय का? आणि तिचं नाव पुढे न येता सरांशी बोलायचं कसं?