युरोप: आईबाबांना घेऊन टूरने जावं की आपलं आपण?

ठाणेकर८२
नमस्कार मंडळी. पुढच्या मे मध्ये युरोप करायचं घाटतंय. आम्ही दोघं, मुलगी ८ वर्षांची, आणि आईबाबा. बाबा ७१, गुडघे कुरकुरतात पण तसे हिंडतेफिरते आहेत. आई ६६, पक्की शाकाहारी, अंडंसुद्धा चालत नाही. बाबांच्या कट्ट्यावरचे सगळे टूरने जाऊन आलेत त्यामुळे त्यांचं एकच पालुपद, सकाळी पोहे-उपमा मिळतो, बॅगा उचलाव्या लागत नाहीत, चल टूरनेच जाऊ. इकडे साडूभाऊ सगळं स्वतः बुक करून जाऊन आलाय आणि दर रविवारी ऐकवतोय की टूर म्हणजे गुरं हाकल्यासारखं असतं. हातात जे ब्रोशर आहे त्यात १२ दिवसांत लंडन सोडून सगळंच आहे, पॅरिस, ब्रसेल्स, अ‍ॅमस्टरडॅम, जर्मनी, स्वित्झर्लंड, ऑस्ट्रिया, इटली. बायको म्हणते एवढं बघून लक्षात काय राहणार? बजेटचा फार प्रश्न नाही पण उधळायचेही नाहीत. जाऊन आलेल्यांनी सांगा प्लीज.

माजी_टूरलीडर
मी आधी युरोपचे ग्रुप घेऊन जायचो, आता ते काम सोडलं, त्यामुळे कुणाची जाहिरातही नाही आणि कुणावर रागही नाही.

लोकांना वाटतं टूर लीडर उगाच घाई करतो. घाई करतो खरी, पण घड्याळ त्याचं नसतं, बसच्या ड्रायव्हरचं असतं. युरोपियन युनियनच्या नियमाप्रमाणे ड्रायव्हरने साडेचार तास गाडी चालवली की ४५ मिनिटं विश्रांती घ्यायलाच लागते, दिवसाला एरवी ९ तास ड्रायव्हिंग, आणि रात्री साधारण ११ तास आराम. सगळं बसमधल्या टॅकोग्राफ नावाच्या यंत्रावर रेकॉर्ड होतं, पोलिसांनी अडवून तपासलं तर दंड. त्यामुळे तुमच्या ग्रुपमधले कुणीतरी काका र्‍हाइन फॉल्सला आइस्क्रीमच्या रांगेत अडकले आणि वीस मिनिटं गेली, की ती वीस मिनिटं संध्याकाळच्या शहरातून कापली जातात. ४० माणसांत असे एक काका असतातच असतात.

दुसरं म्हणजे हॉटेल. मोठी बस रोम, फ्लोरेन्सच्या आतल्या भागात हवी तशी नेता येत नाही, परमिट लागतं, पार्किंग ठरलेलं असतं, म्हणून हॉटेल बहुतेक वेळा गावाबाहेर हायवेजवळ. रात्री जेवून पाय मोकळे करायला बाहेर पडलात तर समोर पेट्रोल पंप. आणि बसमधून उतरून मुख्य जागेपर्यंत चालावं लागतं ते वेगळंच, "टूर म्हणजे चालायचं नाही" हा बाबांच्या कट्ट्याचा गैरसमज आहे.

ब्रोशर वाचताना क्रियापदं बघा. "आत जाऊन पाहणे" वेगळं, "फोटो स्टॉप" वेगळं, "बसमधून दर्शन" तर फारच वेगळं. आयफेलच्या कुठल्या मजल्यापर्यंत तिकीट आहे ते विचारा. व्हिसा, इन्शुरन्स, टिपा, ऑप्शनल काय काय, हे सगळं लिहून घ्या. टिपा रोजच्या माणशी युरोत असतात, पाच जणांच्या मिळून बर्‍यापैकी होतात.

चिकूची_आई
साडूभाऊंना एक विचारा, त्यांच्या ट्रिपमध्ये टूर लीडर कोण होतं? कारण कुणीतरी असतंच! आमच्याकडे ते काम माझ्याकडे होतं. म्हणजे बाकीचे सगळे समोरचं डोंगरदृश्य बघत "अहाहा" करतायत आणि मी फोनमध्ये डोकं घालून पुढची ट्रेन कुठल्या प्लॅटफॉर्मला, सासूबाईंना चालेल असं जेवण कुठे, चेकइनची चावी कुठल्या डब्यात आणि डब्याचा कोड काय. नवर्‍याला विचारलं की तो म्हणायचा "तू बघ ना, तुला माहितीये सगळं". तरी मी परत तशीच जाईन, कारण मला ते आवडतं, महिना-दोन महिने आधीपासून एक्सेल शीट भरत बसायलाही आवडतं. पण ज्याला आवडत नाही त्याने ते ओढवून घेऊ नये. टूरच्या पैशात हे काम दुसर्‍या कुणाच्या तरी गळ्यात घालण्याचे पैसे असतात, ते काही फुकट गेले असं नाही.

जेवणाचं सांगते. इटलीत शाकाहारी लोकांचे हाल होत नाहीत, मार्गेरिटा पिझ्झा, पोमोदोरो पास्ता कुठेही. फक्त पार्मेझान चीजमध्ये वासराचं रेनेट (दूध गोठवायला वापरतात ते, वासराच्या पोटातलं) असतं, आई तेवढं काटेकोर पाळत असतील तर आधीच सांगायचं. पॅरिसमध्ये जरा शोधावं लागतं, पण गार द्यू नॉर स्टेशनच्या मागे ला शापेल भागात डोसा-इडलीवाली तमिळ हॉटेलं आहेत. आणि किचनवालं अपार्टमेंट घेतलं तर निम्मी लढाई जिंकलीच, सासूबाईंनी सकाळी मुगाची खिचडी टाकली की दिवसभर कुणाची कुरकुर नाही. छोटा कुकर नेला होता, शिट्टी झाली की शेजारचे दार वाजवतील अशी मला धास्ती, पण कुणी आलं नाही.

बाबांच्या गुडघ्यांसाठी: पॅरिसची मेट्रो टाळा. जुन्या स्टेशनांना लिफ्ट जवळपास नाहीतच, १४ नंबरची लाइन तेवढी पूर्ण लिफ्टवाली. बसने फिरा, वेळ लागतो पण शहर दिसतं.

भटक्या_सांगली
टूरमध्ये मीही गेलोय कंपनीच्या खर्चाने 😄 बसमध्ये अंताक्षरी सुरू झाली की कान बंद करता येत नाहीत, त्याची तयारी ठेवा. आणि सीट रोज बदलतात, पुढच्या सीटवरून दोन कुटुंबांचं जे काही चालतं ते बघायला मात्र मजा येते.

बाझेलवाली
मी स्वित्झर्लंडमध्ये राहते, माझे आईबाबा, सासूसासरे, मावशी सगळे येऊन गेले, त्यामुळे इकडचं सांगते.

टूरशिवाय आपलं आपण फिरायला युरोपात सगळ्यात सोपा देश हाच. स्विस ट्रॅव्हल पास घेतला की ट्रेन, बस, तलावातल्या बोटी सगळं त्यात, रिगी डोंगर फुकट, टिटलिस डोंगराला निम्मे पैसे, आणि ८ वर्षांच्या मुलीला आईवडिलांबरोबर फॅमिली कार्डवर तिकीटच नाही (आजीआजोबांबरोबर ते चालत नाही, तुम्ही दोघांपैकी कुणीतरी सोबत हवं). एसबीबीच्या (इकडची रेल्वे) अ‍ॅपमध्ये प्लॅटफॉर्मसकट सगळं दिसतं. इंटरलाकेन किंवा लाउटरब्रुनेनला एक घर घ्या आणि तिथूनच रोज फिरा, बॅगा एकदाच उघडायच्या.

एक गोष्ट टूरवाले सांगत नाहीत असं नाही, पण घाईत राहून जाते. युंगफ्राउयोख ३४५४ मीटरवर आहे. नवीन केबल कारमुळे खालून वर फार पटकन पोचता आणि तिथे हवा विरळ असते. माझ्या सासर्‍यांना बीपी आहे, त्यांना वर गेल्या गेल्या गरगरायला लागलं, बाकावर बसवून ठेवलं, नंतर बरे झाले. बाबांना हृदयाचं काही असेल तर डॉक्टरांना आधी विचारा. आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे ढग. वर ढग असेल तर पांढर्‍या भिंतीखेरीज काही दिसत नाही आणि तिकीट भरपूर महाग आहे. आम्ही सकाळी उठून चहा पीत वेबकॅम बघतो, वर ऊन असेल तर लगेच निघतो, नाहीतर त्या दिवशी बोटीने ब्रिएन्झच्या तलावात. टूरमध्ये तुमचा दिवस ठरलेला, ढग असला तरी जायचं. स्वतः फिरण्याचा इकडे सगळ्यात मोठा फायदा मला हाच वाटतो, पैसे वाचण्याचा नाही. पैसे खरं तर फारसे वाचतच नाहीत, इकडे साधी कॉफीसुद्धा जीव काढते, कूप आणि मिग्रोस या सुपरमार्केटांमधून दही, ब्रेड, फळं घेऊन दुपारचं भागवायचं.

ठाणेकर८२
बापरे, एवढं कुणी सांगेल असं वाटलं नव्हतं, सगळ्यांचे आभार. चिकूच्या आईंचा मुद्दा बायकोला वाचून दाखवला, ती म्हणाली "आपल्याकडे टूर लीडर मीच होणार हे तुला आत्ताच सांगून ठेवते". म्हणजे निम्मा निकाल लागला 😅

आता डोक्यात असं येतंय की देश कमी करू. स्वित्झर्लंड आणि इटली, बस. स्वित्झर्लंड स्वतः. इटलीचं मात्र कळत नाही, बाबांना व्हॅटिकन आणि कलोसियम नीट बघायचंय, ते इतिहासाचे शिक्षक होते, फोटो काढून निघणं त्यांना पटणार नाही.

माजी_टूरलीडर
मग पूर्ण टूर कशाला घेताय, गाइड तेवढा घ्या. रोममध्ये व्हॅटिकनला एक दिवस आणि कलोसियम-फोरमला अर्धा दिवस, लायसन्सवाला इंग्रजी बोलणारा गाइड, छोटा ग्रुप किंवा फक्त तुम्ही पाच जण. शिक्षक माणसाला तर हेच हवं, बाबा त्याला इतके प्रश्न विचारतील की तो दमेल. बाकीचे दिवस मोकळे ठेवा.

तीन-चार गोष्टी लक्षात ठेवा. व्हॅटिकन म्युझियम रविवारी बंद असतं, महिन्याचा शेवटचा रविवार सोडून, आणि त्या दिवशी फुकट असल्यामुळे गर्दी मरणाची, तेव्हा जाऊ नका. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, मुलीचा फ्रॉकही बघून घ्या. तिथल्याच सिस्टिन चॅपलमध्ये गाइडला बोलायची परवानगी नाही, तो बाहेरच सगळं समजावतो, त्यामुळे आईंना सांगा की त्याचं बोलणं संपायच्या आत पुढे जाऊ नका. कलोसियमचं तिकीट नावावर असतं, पासपोर्टप्रमाणे स्पेलिंग घाला आणि जाताना पासपोर्ट जवळ ठेवा. व्हॅटिकनकडे जाणारी ६४ नंबरची बस पाकीटमारांसाठी बदनाम आहे, बाबांची मागच्या खिशातली पाकिटाची सवय आत्तापासून मोडा.

आणि शेंगेन व्हिसाचं लगेच बघा. सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, मे च्या सुट्टीत सगळा महाराष्ट्र एकाच वेळी निघतो त्यामुळे अपॉइंटमेंट मिळायला घोळ होतो. ज्या देशात जास्त रात्री त्याच देशाचा व्हिसा, तर आधी रात्री मोजा, मग हॉटेलं कॅन्सल होणारी बुक करा. इन्शुरन्स किमान ३०,००० युरोचा लागतो, बाबांच्या वयाला प्रीमियम जास्त पडेल, आधीपासूनचे आजार कव्हर आहेत का ते नीट वाचा.

बाझेलवाली
मिलानहून स्पीझपर्यंत थेट ट्रेन असते, तिथून इंटरलाकेन जवळच. आधी रोम करा आणि मग इकडे या, मे च्या शेवटी रोममध्ये ऊन चटकायला लागतं, इकडे मात्र तेव्हा कुठे वरच्या वाटा उघडायला लागतात. लाउटरब्रुनेनला घर बघणार असाल तर आत्ताच बघा, छोटं गाव आहे, पटापट भरतं.