चेंडू घेऊन सुटलेला मुलगा एकटा पडतो. त्याला सोबत्यांजवळ कसे ठेवावे?

मैदानप्रेमी (प्रश्न):
नमस्कार. मी 14 वर्षांखालील शालेय मुलांना सात जणांच्या रग्बीचे प्रशिक्षण देतो. बहुतेक मुले कबड्डीतून आलेली असल्यामुळे अंगावर जाण्याची त्यांना भीती नाही आणि हुलकावणीही ती उत्तम देतात. मात्र एकट्याने चढाई करण्याची सवय इतकी मुरलेली आहे की चेंडू हाती येताच मुलगा मोकळी जागा शोधत टच लाइनकडे (मैदानाच्या बाजूच्या रेषेकडे) धाव घेतो आणि टॅकल होतो, म्हणजे प्रतिस्पर्धी त्याला धरून पाडतो, तेव्हा त्याच्या जवळपास आपला एकही खेळाडू नसतो. मग तो चेंडू छातीशी कवटाळून पडून राहतो आणि पंच पेनल्टी देतात. ‘सोबत राहा’ असे सांगितले की सगळेच चेंडूभोवती गोळा होतात आणि मैदानाची दुसरी बाजू ओस पडते. यातून मार्ग कसा काढावा?

जुना फॉरवर्ड:
आपण सुरुवात साथ देणाऱ्यांपासून न करता चेंडू नेणाऱ्यापासून करावी, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते. रग्बीत हाताने पास मागेच द्यावा लागतो. त्यामुळे टच लाइनला चिकटून धावणाऱ्या मुलाला मदत फक्त आतल्या बाजूने आणि तीही मागूनच मिळू शकते. समोरच्या बचावपटूला आपण चुकवू शकणार नाही हे लक्षात येताच धावेची दिशा आत, म्हणजे आपल्या माणसांकडे, वळवण्याची सवय त्याला लावावी लागते.

यासाठी 10 मीटर रुंद आणि 25 मीटर लांब पट्टा आखून घ्यावा. त्यात तीन आक्रमक ठेवावेत आणि दोन बचावपटू एकामागे एक, अंतर राखून उभे करावेत. टॅकलऐवजी दोन्ही हातांनी स्पर्श पुरेसा मानावा आणि स्पर्श झाल्यावर दोन सेकंदांत पास गेला नाही, तर चेंडू समोरच्यांना द्यावा. एवढ्या एका अटीमुळे मुले पळता पळता मागे कोण आहे याचा अंदाज घेऊ लागतात आणि आपल्याला वेगळे ओरडावे लागत नाही.

टॅकल झाल्यावर चेंडू लगेच सोडावा लागतो, हा नियम त्यांना कारणासहित समजावून सांगावा. पडताना पाठ प्रतिस्पर्ध्यांकडे करून दोन्ही हातांनी चेंडू आपल्या बाजूला लांब ठेवला, तर पायांवर उभ्या असलेल्या सोबत्याला येऊन पोहोचायला क्षणभर अधिक मिळतो, आणि बहुतेकदा चेंडू कोणाचा हे त्या क्षणातच ठरते.

विंगवाली:
वरील उत्तर मला पटते, तरीही एक सावधगिरी सुचवते. समोर कोणीच नसेल, तर वेगवान मुलाला थांबवू नये, नाहीतर तो मोकळ्या मैदानातही मागे पाहू लागेल. 2016 साली रिओ ऑलिंपिकच्या अंतिम सामन्यात फिजीने ब्रिटनला 43-7 असे हरवले. फिजीचे खेळाडू टॅकल होत असतानाही चेंडू मोकळा करतात, कारण तो घ्यायला कोणीतरी आधीच धावत निघालेला असतो.

म्हणून गर्दी टाळण्यासाठी कामे वाटून द्यावीत: एकाने आतल्या खांद्यामागे दोन-तीन मीटरवर राहावे, दुसऱ्याने बाहेरच्या बाजूला, आणि बाकीच्यांनी रुंदी सोडू नये. बरोबरीने धावणाऱ्याला दिलेला पास सहज पुढे जाऊन चूक ठरतो, फार मागे राहणारा वेळेवर पोहोचत नाही. पुढच्या सरावात पास देणाऱ्याचे पाय मुद्दाम पाहा. बहुतेक मुले चेंडू हातातून सुटला की उभी राहतात, जणू त्यांचे काम संपले. वास्तविक सर्वांत जवळचा सोबती तोच असतो.

मैदानप्रेमी:
दोघांचेही मनःपूर्वक आभार. पास दिल्यावर थांबण्याची खोड आमच्याकडेही आहे. तिच्याकडे माझे लक्ष गेले नव्हते. हा सराव प्रत्यक्ष टॅकलसह कधी सुरू करावा?

जुना फॉरवर्ड:
स्पर्शाच्या खेळात सोबती नेमाने पोहोचू लागल्यावरच, आणि तेही टॅकल करणाऱ्याने डोके बाजूला कसे ठेवावे व खांद्याच्या वर हात का जाऊ देऊ नये, हे पक्के झाल्यानंतर. तोवर घाई करू नये, कारण एकट्या पडलेल्या मुलावर दोघे-तिघे कोसळतात तेव्हा दुखापतीचा धोका वाढतो.

आणखी एक गोष्ट. हा सराव सत्राच्या शेवटी, मुले दमलेली असतानाही घ्या. सात मिनिटांच्या अर्ध्या डावात शेवटच्या दोन मिनिटांत आधी पास बिघडत नाही, साथ तुटते. सामन्यातही ट्रायबरोबर (प्रतिस्पर्ध्यांच्या गोलरेषेपलीकडे चेंडू टेकवून मिळवलेल्या गुणांबरोबर), टॅकलनंतर दोन सेकंदांत आपला खेळाडू किती वेळा पोहोचला याची नोंद एखाद्या राखीव खेळाडूला ठेवायला सांगा आणि ती मध्यंतरात सर्वांसमोर वाचून दाखवा.