दुनळीच्या नळ्यांखाली ‘ई एल जी’चा शिक्का: बंदूक नक्की कुठली?

भातवाला, कुडाळ

आजोबांची बारा बोअरची दुनळी त्यांच्यानंतर काकांच्या नावावर झाली. शेतीसंरक्षणाचा परवाना आहे, कागदपत्रं चोख. निवडणुकीत ठाण्यात जमा होती. परत आणल्यावर पुसायला म्हणून नळ्या उतरवल्या आणि त्यांची खालची बाजू पहिल्यांदाच नीट पाहिली. तिथे शिक्क्यांची जत्रा भरलीय.

दोन्ही नळ्यांवर एक लंबगोल, त्यात ई, एल, जी ही अक्षरं, खाली चांदणी, वर मुकुट. बाजूला खांबासारखं काहीतरी. शंकरपाळीच्या आकारात 12 आणि त्याखाली सी. एक सुटं अक्षर, त्याच्या डोक्यावर परत चांदणी. वर दोन नळ्यांमधल्या पट्टीवर ‘लंडन फाइन ट्विस्ट’. कारागिराचं नाव कुठेच नाही. घोडे बाहेरचे. दस्ता पिवळसर, घरचे सांगतात फणसाचा. नळ्यांवर तपकिरी कुरळ्या रेघा आहेत. गंज समजून पॉलिश पेपर घेऊन बसलोच होतो, तेवढ्यात लाईट गेली.

एक ओळखीचे गृहस्थ म्हणतात लंडनची आहे, जपून ठेव, लाखात जाईल. काकांचं मत वेगळंच. डुकरांसाठी एलजीची, म्हणजे जाड छर्ऱ्याची काडतुसं आणतात ना, तर ते म्हणतात शिक्का त्याचाच. “एलजी म्हंजे एलजी, आणखी काय व्हया तुका?” कोणाला कळतं का यातलं?

रानडुक्कर_पीडित

लंडन लिहिलंय तर लंडनचीच असणार. आमच्याकडेही असंच लिहिलेली आहे. फोटो टाका.

जुनीपट्टी, पुणे

आधी काकांना थांबवा, बाकी मग. वडिलांचं बंदूकदुरुस्तीचं दुकान होतं. ही ‘लंडन’वाली पट्टी मी लहानपणापासून बघतोय आणि दर वेळी मालकाचा चेहरा पडताना पाहिलाय.

बंदूक बेल्जियमची आहे, लीएज शहराच्या चाचणीतून गेलेली. ई-एल-जी हा तिथल्या प्रूफ हाऊसचा, म्हणजे नळ्या तपासणाऱ्या संस्थेचा अंतिम शिक्का. नेहमीपेक्षा बरीच जास्त दारू भरून बार काढायचे, नळी टिकली की ठसा. लीएजमध्ये नळ्या तपासण्याचा हुकूम 1672 चा आहे, म्हणजे आपल्याकडे शिवराज्याभिषेक व्हायचा होता. तो खांब म्हणजे पेरों, लीएजच्या बाजारचौकातलं स्मारक. शंकरपाळीतला 12 म्हणजे चेंबर, नळीत काडतूस बसतं ती जागा, बारा बोअरचा. चांदणीवालं अक्षर तपासनिसाचं.

ई-एल-जीवर मुकुट 1893 पासून आला. 1922 पासून वर्षाचं अक्षरही मारू लागले. तुमच्या यादीत चांदणीशिवायचं एकही सुटं अक्षर नाही, तेव्हा बंदूक बहुतेक या दोन सालांच्या मधली.

‘लंडन फाइन ट्विस्ट’ हे नळीच्या जातीचं वर्णन आहे, गावाचं नाव नव्हे. बेल्जियमच्या स्वस्त दुनळ्यांवर हे सर्रास कोरायचे, इंग्रजी नाव दिसलं की माल उठायचा. खरी लंडनची असती तर नळीखाली मुकुट आणि एकात एक गुंतलेली जी-पी अक्षरं दिसली असती. बर्मिंगहॅमचं प्रूफ हाऊस 1813 चं; त्यांच्या 1904 पर्यंतच्या शिक्क्यांत एकमेकांवर तिरके ठेवलेले राजदंड असतात.

त्या कुरळ्या रेघांना पॉलिश पेपर लावू नका हो! लोखंड आणि पोलादाच्या पट्ट्या एकत्र पिळून, सळीभोवती गुंडाळून, तापवून ठोकून ती नळी बनवलीय. लीएजजवळच्या व्हेद्र नदीच्या खोऱ्यात घरोघर हे काम चालायचं. नक्षी घासून गेली तर बंदुकीचं जे थोडंफार मोल आहे तेही जाईल.

आता काका. सिंह आणि त्याखाली पी-व्ही असा शिक्का आहे का बघा. तो धूरविरहित दारूचा, 1898 पासूनचा. नसेल तर या नळ्या फक्त काळ्या दारूवर तपासलेल्या आहेत आणि आजचं धूरविरहित दारूचं कुठलंच काडतूस त्यात घालायचं नाही, एलजी असो वा बारीक छर्रा. दुसरं, जुने चेंबर बहुधा 65 मिमीचे. 70 मिमीचं काडतूस त्यात आरामात बसतं, कारण तोंड दुमडलेलं असतं. फसवणूक तिथेच आहे. बार झाला की तोंड उलगडतं, पुढे जागा नसते आणि दाब एकदम चढतो.

ठासणी

दस्ता मूळचा नाही हे उघड आहे, तिकडे अक्रोडाचं लाकूड वापरायचे. कोकणच्या दमटपणात तो कुजला असणार आणि गावच्या सुताराने हाताशी होतं ते लावलं. मला तरी फणसाचा दस्ता जास्त आवडेल. पुढच्या लाकडाखालच्या लोखंडी तुकड्यावरचा नंबर नळ्यांशी जुळतो का पाहा. आणि कुठलाही आकडा घासू, बुजवू नका, आर्म्स ॲक्टचं कलम 8 त्यासाठीच आहे.

भातवाला, कुडाळ

काल बॅटरी घेऊन बसलो. सिंह नाही. नंबर नळ्यांवर आणि मधल्या भागावर 47, पुढच्या लाकडाखाली 112. म्हणजे तो तुकडा दुसऱ्याच कुठल्या बंदुकीचा.

चेंबरची कड आत दिसते, पट्टीने जेमतेम 65 भरलं. काकांच्या पेटीवर 70 छापलंय. त्यांना दाखवलं तर म्हणाले, “मगे गेल्या पावसात दोन बार काढलंय ते?” मी काही न बोलता नळ्या खिडकीकडे धरल्या आणि त्यांना आतून बघायला लावलं. उजवी ठीक आहे. डाव्या नळीत, अर्ध्याच्या थोडं पुढे, मसुराच्या दाण्याएवढे तीन खड्डे आहेत.

बराच वेळ बघत राहिले. मग पेटी उचलून कपाटात ठेवली आणि किल्ली काकीकडे दिली.