गणपतीची उरलेली वर्गणी माथारेच्या फुटबॉलला द्यावी का?

थिकारोड:

नैरोबीतल्या आमच्या मराठी ग्रुपची गणपतीची वर्गणी यंदा बऱ्यापैकी उरलीय. एरवी ती गपचूप पुढच्या वर्षाच्या खात्यात जाते. यावेळी कुणीतरी सुचवलं की माथारेतल्या पोरांच्या फुटबॉलला देऊया, आणि त्यावरून व्हॉट्सॲपवर असं पेटलं की शेवटी ॲडमिनने ग्रुपला कुलूप लावलं. म्हणून इथे धागा काढतोय, बाहेरच्यांचंही मत कळेल.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: माथारे ही नैरोबीतली जुनी झोपडपट्टी. नदीच्या काठाने, जुन्या दगडखाणींच्या जागेवर, पत्र्याच्या खोल्याच खोल्या. आणि थिका रोड ओलांडला की मुथैगा, म्हणजे गोल्फ क्लब, राजदूतांचे बंगले, भिंतींवर विजेच्या तारा. १९८७ मध्ये बॉब मन्रो नावाच्या कॅनडाच्या माणसाने, जो यूएनसाठी काम करायचा, तिथल्या पोरांना पिशव्या आणि सुतळीच्या बॉलने खेळताना बघून लीग सुरू करून दिली, पण अट एकच घातली, खेळायचं तर आधी वस्ती साफ करायची. तीच ही माथारे युथ स्पोर्ट्स असोसिएशन, इथे सगळे मायसा म्हणतात. अट पुढे थेट लीगच्या टेबलातच गेली, मॅच जिंकली की ३ गुण आणि साफसफाई पार पाडली की ६. म्हणजे मैदानात मार खाणारी टीमसुद्धा फावडं उचलून वर जाऊ शकते, मला तर हा नियम जाम आवडतो. १९९२ मध्ये यूएनचा ग्लोबल ५०० पुरस्कार मिळाला, १९९४ मध्ये त्यातून माथारे युनायटेड क्लब निघाला, २००८ मध्ये तो केनियाची लीग जिंकला. डेनिस ओलिएच तिथे खेळून पुढे फ्रान्सच्या लीगमध्ये गेला.

माझं मत, बिनधास्त द्यावेत. तुम्ही बोला.

पेठकर:

उपक्रम स्तुत्य आहे, हे एकदा म्हणून टाकलं की प्रश्न विचारायला मोकळा.

१९८७ पासून चालू आहे म्हणता. म्हणजे पहिल्या लीगमध्ये खेळलेली पोरं आज पन्नाशीच्या आसपास आली. त्यांची नातवंडं त्याच वस्तीत, त्याच पत्र्याखाली असतील तर नक्की काय बदललं? त्यात गंमत बघा, झोपडपट्ट्यांचा जागतिक विचार करणारं यूएन-हॅबिटॅट याच नैरोबीत, गिगिरीला बसतं. माथारेहून फार लांबही नाही. इतकी वर्षं विचार चाललाय.

फुटबॉलला देणगीदार मिळतात कारण फुटबॉल कुणालाच टोचत नाही. फिफाला चालतो, नॉर्वेवाल्यांना चालतो, तिथल्या आमदार-खासदारांना तर पळतो. जमिनीची मालकी, पाण्याचा धंदा, भाडं, यातल्या एकाला हात लावा आणि मग बघा किती जण चेक फाडतात.

आणि आकड्यांचं काय? नैरोबीतल्याच किबेरा वस्तीबद्दल वर्षानुवर्षं सांगायचे, १० लाख लोक, आफ्रिकेतली सगळ्यात मोठी झोपडपट्टी. २००९ च्या जनगणनेत भरले १,७०,०७०. त्या एका आकड्यावर किती प्रोजेक्ट प्रपोजलं तरली असतील याचा विचार करा.

वऱ्हाडी_गोली:

पेठकर साहेब, तुमी आकडे मोजत बसा, पोट्टे तोवर मॅच खेळून घरी येतीन.

आमच्या नागपुरात विजय बारसे सरांनी २००१ मध्ये हेच केलं ना. कॉलेजात स्पोर्ट्सचे मास्तर होते, पावसात फुटक्या बकेटीला लाथा मारणारे पोट्टे दिसले, त्यायले बॉल देला, टूर्नामेंट भरवली, त्यातून स्लम सॉकर उभं राह्यलं अन् पोट्टे होमलेस वर्ल्ड कपपर्यंत गेले. झोपडपट्टी हटली का? नाही हटली. बारसे सर म्हणाले होते का हटवतो म्हणून? शाळेतल्या पीटीच्या सरले कोणी इचारते का की गरिबी किती टक्के कमी केली तुमी?

एक पोट्टा संध्याकाळी चार ते सहा मैदानात आहे म्हणजे चार ते सहा तो दुसरीकडं कुठंच नाही. माह्यासाठी येवढं पुरे आहे.

माईक_टेस्टिंग:

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. थिकारोड, उरलेल्या वर्गणीत आणखी एक मोदकाचा राउंड होत नाही का? 😀

गोवंडी_लोकल:

मी काही वर्षं मुंबईत एम-पूर्व वॉर्डात, म्हणजे गोवंडी-मानखुर्दकडे, युथ प्रोग्रॅमवर काम केलंय, संस्थेचं नाव घेत नाही. त्यामुळे दोन्ही बाजूंनी थोडं बोलते.

पेठकर, "फुटबॉल कुणाला टोचत नाही" हे पटलं, पण अर्धंच. पोरींना खेळायला आणा मग बघा कसं टोचतं ते. पाणी कोण भरणार, धाकट्याला कोण सांभाळणार, हाफपँट घालून चारचौघांत कशाला. आमच्याकडे एकेका पोरीसाठी आईशी, आजीशी, मग शेजारच्या काकूशी पण बोलावं लागायचं. मायसाने नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीलाच मुलींच्या टीम काढल्या, तेव्हा तिथल्या घराघरात हीच भांडणं झाली असणार, मी पैज लावते.

पण देणगीदार नावाच्या प्राण्याबद्दल पेठकर बरोबर बोलतायत. आमच्याकडे व्हिजिट असली की आदल्या दिवशी सांगायचे, नवीन जर्सी आज वाटू नका, उद्या पाहुण्यांच्या हातून वाटायच्या. पोरं बिचारी जुन्याच बनियनवर वॉर्मअप करत राहायची आणि पाहुणे ट्रॅफिकमध्ये. वर रिपोर्टात लिहायचं "आत्मविश्वासात वाढ". कशाने मोजली? फॉर्मवर पोरांनी टिक केलं, आणि फॉर्म भरताना बाजूला आम्हीच उभे. त्यामुळे थिकारोड, पैसे द्यायचे तर द्या, पण तुमच्या ग्रुपने बॅनर घेऊन तिथे जाऊ नये आणि पोरांच्या खांद्यावर हात टाकून फोटो काढू नयेत. एवढं पाळणार असाल तर माझं मत हो.

थिकारोड:

@गोवंडी_लोकल, फोटोवरून आठवलं, मायसाने १९९७ मध्ये उलटं केलं होतं. साधे प्लास्टिकचे कॅमेरे पोरांच्याच हातात दिले, तुमची वस्ती तुम्ही काढा म्हणून.

@पेठकर, तुम्ही ज्याला "नक्की काय बदललं" म्हणता त्याचं माझं उत्तर वेगळं आहे. तिथे कोच पोरं, रेफरी पोरं, झोनच्या कमिट्या पोरांनीच निवडून दिलेल्या. धाकट्यांना कोचिंग केलं, रेफरी झालात, वस्तीतलं काम केलं की पॉइंट जमतात आणि ज्यांचे जास्त पॉइंट त्यांची फी संस्था थेट शाळेत भरते. म्हणजे फी कुणाच्या दयेवर मिळत नाही, कमवावी लागते. फ्रान्सिस किमान्झी याच माथारेतून येऊन केनियाच्या टीमचा कोच झाला. १५-१६ वर्षांचं पोर मीटिंग चालवतंय, हिशोब मांडतंय, मोठ्याला बोलतंय की तुझी टीम साफसफाईला आली नाही, गुण मिळणार नाहीत. आपल्या मंडळात पन्नाशीचे लोक हिशोब मांडायला उभं राहायला घाबरतात राव.

पेठकर:

निवडणुका घेतात हे उत्तम, मान्य. तरी माझा मुद्दा जागच्या जागी आहे.

त्याच माथारेत सोशल जस्टिस सेंटर आहे. तीही तरुण पोरंच चालवतात. पोलिसांच्या गोळ्यांनी मेलेल्यांची नावं गोळा करतात, २०१७ मध्ये त्यावर रिपोर्टही काढला. वस्तीतल्या तरुणांसाठीचा कार्यक्रम म्हणाल तर यापेक्षा गरजेचा कुठला? पण तुमच्या ग्रुपमध्ये त्यांना वर्गणी द्यायचा प्रस्ताव कुणी मांडला का? नाही मांडणार. कारण मग उद्या व्हिसा, परमिट, धंदा सगळं आठवेल. म्हणून बॉल. बॉल सेफ.

दुसरं. एप्रिल २०२४ च्या पुरात माथारेतली घरं नदीत गेली, माणसं गेली. मे महिन्यात सरकारनेच काठावरच्या उरलेल्या खोल्यांवर बुलडोझर घातला. नदीतला कचरा पोरांनी वर्षानुवर्षं काढायचा, नगरपालिकेचं काम फुकटात करायचं, आणि शेवटी हे. ६ गुण!

फलाटावरचा:

पेठकरांना एका मुद्द्यावर आडवा जातो. ते धरून चाललेत की एकीकडे हक्काची लढाई आणि दुसरीकडे खेळ-भजन-बचतगट. मुंबईत तसं नव्हतं हो. रेल्वे रुळांलगतच्या झोपड्या हलवल्या तेव्हा आधी वस्तीतल्या बायकांनी महिला मिलन या आपल्या बचतगटांमधून रोजचे एक-दोन रुपये गोळा केलेले होते, घरोघरी जाऊन स्वतः मोजणी केलेली होती. जोकिन अर्पुथम यांची झोपडपट्टीवाल्यांची फेडरेशन सरकारशी बोलायला गेली ती या वह्या घेऊन. पुढे किबेरातल्या रेल्वेलाईनवरच्या लोकांना हलवायची वेळ आली तेव्हा केनियाची मंडळी मुंबईत येऊन हेच बघून गेली. तिकडे मुंगानो वा वानाविजिजी म्हणून झोपडपट्टीवाल्यांची संघटना आहे, १९९६ पासूनची, तिचं आणि इथल्या फेडरेशनचं नातं जुनं आहे.

सांगायचा मुद्दा, आठवड्याला एकत्र येऊन कंटाळवाणं काम करायची सवय आधी लागते. ती बचतीतून लागो, नाहीतर लीगमधून. सवय नसलेली वस्ती मोर्चाला एकदाच येते.

फरक मात्र एक आहे आणि तो मोठा आहे. मुंबईत झोपडीवाला बऱ्याचदा स्वतःच्या झोपडीचा मालक असतो, कागद नसला तरी. कट-ऑफ तारीख, फोटोपास, काहीतरी धरून तो भांडतो. नैरोबीच्या वस्त्यांत बहुतेक लोक भाडेकरू आहेत, खोल्यांचे मालक राहतात भलतीकडेच. तिथे घरं सुधारली की भाडं वाढतं आणि जुना माणूस बाहेर. त्यामुळे "आधी घरं द्या मग फुटबॉल" हे पुण्यात बसून म्हणायला सोपं आहे.

वऱ्हाडी_गोली:

+१ फलाट भाऊ. शेवटची लाईन तर लयच भारी.

पेठकर:

मी पुण्यात बसलोय यात माझा दोष नाही, भाडं मीही भरतो. 🙂

एकत्र यायची सवय लागते हे तत्त्वतः ठीक. पण महिला मिलनचे पैसे बायकांचे स्वतःचे होते. इथे ओस्लोहून, झुरिकहून येतात. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने यूएसएड, म्हणजे आपली परदेशी मदत, गोठवलं तेव्हा केनियातले एचआयव्हीचे कार्यक्रम किती धडाधड अडकले ते बघितलंत ना? ज्याचा नळ दुसऱ्याच्या हातात त्याने सवयीच्या गप्पा मारू नयेत.

थिकारोड:

मग तर आमचे पैसे उलट चांगले की! इथेच राहणाऱ्या लोकांचे, इथेच कमावलेले. २०१७ मध्ये केनिया सरकारने इथल्या आशियाई लोकांना ४४ वी जमात म्हणून मान्यता दिली, तेव्हा आपल्यातल्याच लोकांनी पेढे वाटले होते. जमातीत आहोत तर वर्गणीही काढू.

मुथैगा_मावशी:

बराच वेळ वाचतेय. मी इथे लग्न होऊन आले त्याला जमाना झाला, त्यामुळे थिकारोडला मावशीच्या नात्याने चार शब्द.

माथारे तुम्हा लोकांना फुटबॉलमुळे माहीत झालं असेल, मला ते कपडे धुणाऱ्या मामा फुआमुळे माहीत आहे. आपल्या ग्रुपमधल्या निम्म्या घरांत कामाला येणारी बाई माथारे नाहीतर कावांगवारेतून येते. पहाटे उठून, मटाटूचे, म्हणजे इथल्या मिनीबसचे, पैसे वाचवायला अर्धं अंतर चालत. आपले गेटवरचे अस्कारी, म्हणजे वॉचमनही, तिथलेच. सरकारने नैरोबीत घरकामासाठी किमान पगार ठरवून दिलाय. आपल्यातले किती जण तेवढा देतात? एनएसएसएफ, म्हणजे इथला पीएफसारखा फंड, किती जण भरतात? हा प्रश्न मी ग्रुपवर विचारला होता, त्याला दोन नमस्कार आणि एक गुलाबाचं फूल आलं, आणि त्यानंतरच ॲडमिनने कुलूप लावलं, हे थिकारोडने धाग्यात लिहायचं टाळलंय.

जिचा मुलगा त्या लीगमध्ये खेळतो तिला पगार कमी द्यायचा आणि तिच्या मुलाला बॉल द्यायचा, ही कसली मदत? पगार नीट मिळाला तर त्याचे बूट ती घेईल. तुमच्या हातून घ्यायची गरज नाही तिला.

माईक_टेस्टिंग:

पॉपकॉर्न खाली ठेवलं.

गोवंडी_लोकल:

मावशी 🙏 शंभर टक्के. पण मायसाचे पैसे अडवून पगार वाढणार नाहीयेत. जे कमी देतात ते वर्गणी नाही दिली तरी कमीच देणार. या दोन गोष्टी एकमेकींना बांधल्या तर दोन्ही बुडतील.

मुथैगा_मावशी:

नाही गं बाई, बांधल्या की वाढतील. ग्रुपच्या नावाने पैसे द्यायचे तर ग्रुपमधल्या प्रत्येकाने आधी हात वर करून सांगावं की माझ्याकडे किमान पगार दिला जातो. ज्याला सांगता येत नाही त्याची वर्गणी परत. बघ कशी शांतता पसरते.

थिकारोड:

मावशी, असं केलं तर वर्गणी परत करता करता पुढचा गणपती येईल हो. आणि त्यात त्या पोरांचा काय दोष?

पेठकर:

धाग्यात पहिल्यांदाच कुणीतरी टोचणारं बोललं. मावशींना माझा पाठिंबा. मी वर्गणीदार नाही, त्यामुळे पाठिंबा फुकटचा आहे, हे वऱ्हाडी_गोली म्हणायच्या आधी मीच म्हणतो.

वऱ्हाडी_गोली:

म्हणणारच होतो. मावशी, तुमचं बरोबर आहे पण माह्या मते दोन्ही करा. पगार बी द्या, बॉल बी द्या. मायबाप पगारातून बूट घेतीन, पण मैदान पगारातून येत नाही, रेफरी येत नाही, लीग येत नाही. ते कोणीतरी मिळूनच चालवा लागते.

थिकारोड:

रविवारी मीटिंग आहे. मी दोन ठराव मांडतोय. एक, पैसे मायसाला, बॅनर नाही, फोटो नाही, कशासाठी वापरायचे ते त्यांच्या झोन कमिटीने ठरवायचं. दोन, मावशींचा पगाराचा विषय.

मुथैगा_मावशी:

क्रम उलटा कर. दुसरा विषय येईपर्यंत आपल्याकडे सगळे जेवायला उठलेले असतात.