फेब्रुवारीच्या पाण्यात इतके प्रॅसिनोफाइट्स (बारीक हिरवी शैवलं) कुठून आले? केमटॅक्स आणि फायटोक्लास वापरणाऱ्यांनी जरा सांगा

खाडीवरची:

नमस्कार मंडळी. माझं पीएच.डी.चं तिसरं वर्ष चालू आहे. रत्नागिरीपुढे किनाऱ्यापासून आत जाणाऱ्या रेषेवर चार ठिकाणं धरली आहेत. सप्टेंबर, फेब्रुवारी आणि मे अशा तीन खेपांना वरचं, मधलं आणि तळाजवळचं पाणी आणलं. जून-जुलैत होड्या बंद, त्यामुळे भर पावसाळ्याचं हाती काहीच नाही. छत्तीस नमुने, शिवाय फेब्रुवारीत एका ठिकाणी हौसेने घेतलेले दोन जादा, असे ३८. रंगद्रव्यांची एचपीएलसी (प्रत्येक रंगद्रव्य वेगळं करून मोजणं) बाहेरून करून घेतली.

आता त्या आकड्यांवरून फायटोप्लँक्टनचा (पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म शैवलांचा) कुठला गट किती हे काढायचं आहे. हे काम करणाऱ्या केमटॅक्स सॉफ्टवेअरची एक्सेलवाली फाइल सीनियरकडून वारशात मिळाली, आत गुणोत्तरांचा (कुठल्या गटात क्लोरोफिलच्या मानाने कुठलं रंगद्रव्य किती) तक्ताही होता. तक्ता दक्षिण महासागरावरच्या एका पेपरमधला आहे. मी ३८ नमुने एकदमच टाकले. सप्टेंबरला डायटम्स (काचेसारख्या कवचाची शैवलं) वरचढ निघाले, बरं वाटलं. मेमध्ये सायनोबॅक्टेरिया वाढले, तेही पटलं. पण फेब्रुवारीच्या वरच्या पाण्यातलं जवळजवळ निम्मं क्लोरोफिल प्रॅसिनोफाइट्सच्या नावावर! गाइडनी एवढंच विचारलं, "हे कुठून आले?" मी गप्प.

मग आर या संगणकभाषेतलं, तेच काम करणारं फायटोक्लास चालवलं. तेही प्रॅसिनोफाइट्सच म्हणतंय, पण दरवेळी टक्के वेगळे. एकदा ४१ आले. चहा पिऊन येऊन परत चालवलं तर ३५. डेटा तोच, कोड तोच. कोणावर विश्वास ठेवू? केमटॅक्स जुनं म्हणून सोडून देऊ का?

गाळणीवाला:

आधी तुमच्या चहाचा दोष काढून टाकतो. फायटोक्लास सिम्युलेटेड अ‍ॅनीलिंगने चालतं, म्हणजे गुणोत्तरं थोडी थोडी यादृच्छिक हलवत चांगलं उत्तर शोधतं. यादृच्छिक आकड्यांचं सुरुवातीचं बीज बांधून दिलं नाही तर दर खेपेला वाट वेगळी. सेट सीड लिहा, फेऱ्या वाढवा, आणि तरीही वेगवेगळ्या बीजांनी दहा-वीसदा चालवून बघा. ३५ ते ४१ हा पसारा लपवायचा नाही, प्रबंधात तसाच लिहायचा. एकच आकडा दशांशासकट छापणाऱ्यांची मला भीती वाटते.

केमटॅक्सलाही हाच आजार आहे, फक्त तो दिसत नाही. १९९६ साली ऑस्ट्रेलियात मॅकी, हिगिन्स, राइट वगैरे मंडळींनी ते मॅटलॅबमध्ये लिहिलं. तुम्ही दिलेल्या तक्त्यापासून निघून ते चूक कमी करत, उतार धरत खाली जातं आणि जवळच्या खड्ड्यात बसतं. तोच तक्ता दिला की तोच खड्डा, म्हणून उत्तर ठाम वाटतं. त्यावर उपाय म्हणून पुढे एक्सेलच्या आवृत्तीत तुमच्या तक्त्यावरून ६० विस्कटलेले तक्ते बनवायचे, साठही चालवायचे आणि ज्यांची चूक सगळ्यात कमी त्या सहांची सरासरी घ्यायची अशी पद्धत पडली. तुमच्या सीनियरनी ते ६० केले होते का? बहुतेक लोक एकदाच चालवतात आणि पुढे जातात.

आता हिशेब बघा, कारण हा हिशेब कागदावर केल्याशिवाय सॉफ्टवेअरला हात लावू नये असं माझं मत आहे. समजा लिटरमागे क्लोरोफिल-ए १ मायक्रोग्रॅम आणि फ्युकोझँथिन (डायटम्सची ओळख असलेलं रंगद्रव्य) ०.६. मूळ १९९६ च्या तक्त्यात डायटम्ससाठी फ्युकोझँथिन भागिले क्लोरोफिल ०.७५५ धरलंय. ०.६ ला ०.७५५ ने भागा, ०.७९. म्हणजे ७९ टक्के डायटम्स. छान. आता तुमच्या डायटम्सचं खरं गुणोत्तर ०.४५ असेल तर? १.३३ येतं. एकूणच १ असताना डायटम्स १.३३ कुठून आणणार? मग सॉफ्टवेअर एकतर गुणोत्तर ओढतं, नाहीतर ते फ्युकोझँथिन हॅप्टोफाइट्सच्या (तेच रंगद्रव्य असलेल्या दुसऱ्या गटाच्या) गळ्यात बांधतं. दोन्हीकडे आकडे जुळतात, खरं काय ते त्याला ठाऊक नसतं. ते गुणोत्तर प्रकाशावर आणि पोषणावर हलतं. भर उन्हातल्या पेशी आणि वीस मीटर खालच्या पेशी एकाच तक्त्यात बसवल्या की चूक ठरलेलीच. सायनोबॅक्टेरिया ज्यावरून ओळखतात ते झिअझँथिन तर उन्हातच वाढतं, त्यामुळे तुमचे मेमधले सायनोबॅक्टेरियाही मी एकदा तपासून घेईन.

म्हणून ३८ एकदम नको. निदान वरचे आणि खालचे वेगळे, सप्टेंबर वेगळा. पण तीन-चार नमुन्यांचे तुकडे करून प्रत्येकाला आठ गट काढायला सांगू नका, त्यातून काहीच निघत नाही.

आणि मला दोन गोष्टी सांगा. फेब्रुवारीत गाळण्याआधी २०० मायक्रॉनची जाळी लावली होती का? आणि पाणी दिसायला कसं होतं?

होबार्टहून:

गाळणीवाल्यांना दुजोरा. फायटोक्लास २०२३ चं, न्यूझीलंडच्या मंडळींचं, फुकट आहे. त्यात सारखे नमुने आधी एकत्र (क्लस्टर) करायची सोय दिली आहे ती वापरा. त्याला द्यायच्या आकड्यांत शेवटचा स्तंभ एकूण क्लोरोफिल-ए हवा. तिथे सर्रास चूक होते. क्लोरोफिलाइड-ए (क्लोरोफिल-ए तुटून बनलेलं) वेगळं छापून आलेलं असतं आणि लोक ते बेरजेत घ्यायला विसरतात. डायटम्स असलेले नमुने वाटेत वितळले की क्लोरोफिलाइड फुगतं. तुमची गाळण द्रव नायट्रोजनमध्ये गेली होती की बर्फाच्या पेटीत? आणि कंडिशन नंबर बघा. तो मोठा असेल तर दोन गट एकमेकांपासून वेगळे सांगताच येत नाहीयेत, मग टक्के कितीही सुंदर असोत.

खाडीवरची:

सर, ६० तक्ते केले नव्हते. एकदाच. आणि हो, क्लोरोफिलाइड मी सोडून दिलं होतं, मला वाटलं ते कचरा असतं. सप्टेंबरची खेप बर्फाच्या पेटीत आली, घाट उतरताना गाडी दोन तास अडकली होती. ते आता लिहायला हवं.

जाळीचं विचारलंत म्हणून आठवलं. फेब्रुवारीच्या आदल्या फेरीत जाळी होडीच्या खिळ्याला अडकून फाटली, नवी आलेली नव्हती. त्या खेपेला जाळी न लावताच गाळलं. पाणी हिरवट होतं. तांडेल म्हणाला, "ताई, आज शेवाळात आलो आपण." बादली वर घेतली तर आत बारीक साबुदाण्यासारखं काहीतरी तरंगत होतं. मी फोटो काढून ठेवला होता, विसरून गेले.

आणि ते दोन जादा नमुने त्याच ठिकाणचे, त्याच बादलीच्या पाठोपाठ घेतलेले. त्यांच्या क्लोरोफिलमध्ये दुपटीहून जास्त फरक आला म्हणून मी एचपीएलसीवाल्यांशी फोनवर भांडले होते.

मायक्रोस्कोपवाली:

अगं, साबुदाणा म्हणालीस तिथेच उत्तर आलं! नॉक्टिल्युका. अर्धा मिलिमीटर आकाराची एक पेशी, नुसत्या डोळ्याला दिसते. अरबी समुद्रात हिवाळ्याच्या अखेरीस जो हिरवा प्रकार येतो त्याच्या पोटात हजारो हिरव्या सहजीवी पेशी पोहत असतात. त्या आहेत हिरव्या शैवलाच्या घराण्यातल्या, क्लोरोफिल-बी असलेल्या. बाहेरचं घर डायनोफ्लॅजलेटचं, पण त्यांचं नेहमीचं रंगद्रव्य पेरिडिनिन नाही. तुझं सॉफ्टवेअर फक्त रंग बघतं. त्याला क्लोरोफिल-बी दिसलं, त्याने प्रॅसिनोफाइट्स म्हटलं. त्याच्या दृष्टीने खोटं नाही बोललं ते.

दोन नमुन्यांतला फरकही त्यानेच. एका लिटरात यातल्या वीस पेशी आल्या आणि दुसऱ्यात साठ, की त्यांचं क्लोरोफिल तिप्पट. एचपीएलसीवाल्यांना एक फोन कर आणि माफी माग.

लुगॉल (नमुना टिकवायचं आयोडीनचं द्रावण) घातलेली बाटली असेल तर मोज, पण लुगॉलने सगळं तपकिरी होतं, हिरवी की लाल ते त्यात कळणार नाही. लाल प्रकारात सहजीवी नसतात, तो तुझ्या रंगद्रव्यांत क्लोरोफिल-बी म्हणून दिसलाच नसता. तुझा फोटो हाच पुरावा, तो जपून ठेव.

गाळणीवाला:

ताईंनी माझं काम केलं. मी जाळीचं विचारलं ते याचसाठी, जाळी असती तर एवढी मोठी पेशी तिथेच अडकली असती. २९ वर्षं गाळत होतो, हिरव्या नॉक्टिल्युकाची गाळण बघितली की ओळखू यायची. डायटम्स असले की जीएफ/एफ या काचतंतूंच्या गाळणकागदावर एकसारखा तपकिरी रंग बसतो. नॉक्टिल्युका असली की पांढऱ्यावर हिरवे ठिपके, कोणी पेनाने टिकल्या दिल्यासारखे. पंप जोरात लावला की पेशी फुटतात आणि ठिपक्यांचे डाग होतात. आता कागद विरघळवून झाला असेल, पण पुढच्या खेपेला गाळणीचा फोटो काढून मगच घडी घाला. अंधुक उजेडात काढा, आणि फ्लॅश नको.

तुमच्याकडे अजून एक तपासणी आहे, फुकटची. केमटॅक्सने शेवटी काढलेला गुणोत्तरांचा तक्ता उघडा आणि प्रॅसिनोफाइट्सच्या ओळीत प्रॅसिनोझँथिन (त्यांचं खास रंगद्रव्य) किती राहिलं ते बघा. दक्षिण महासागराच्या तक्त्यात सुरुवातीला ते भरपूर असणार. तुमच्या पाण्यात प्रॅसिनोझँथिन नसेल आणि मर्यादा सैल असतील तर सॉफ्टवेअर ते शून्याकडे रेटत नेतं आणि नाव मात्र जुनंच ठेवतं. पाटी प्रॅसिनोफाइट्सची, दुकानात माल भलताच.

बघून सांगा.

खाडीवरची:

उघडलं. सुरुवातीला ०.२ च्या वर होतं, शेवटी ०.००४. एचपीएलसीच्या मूळ फाइलमध्ये फेब्रुवारीच्या वरच्या पाण्यात प्रॅसिनोझँथिनच्या रकान्यात बहुतेक ठिकाणी "आढळलं नाही" असंच लिहिलंय. हे माझ्यासमोर सहा महिने होतं.

मग आता नॉक्टिल्युकासाठी वेगळी ओळ घालू का तक्त्यात? क्लोरोफिल-बी फक्त, बाकी शून्य?

गाळणीवाला:

घालता येईल, पण क्लोरोफाइट्स (हिरव्या शैवलांचा दुसरा गट) हेही क्लोरोफिल-बी वालेच. दोन ओळी जवळजवळ सारख्या झाल्या की होबार्टवाले म्हणाले तो कंडिशन नंबर आभाळाला भिडेल आणि सॉफ्टवेअर त्या दोघांत नाणेफेक करेल. ल्युटिन (क्लोरोफाइट्सचं रंगद्रव्य) चांगलं मोजलेलं असेल तर थोडा आधार मिळेल, तरी मी भरवसा ठेवणार नाही. मी असतो तर प्रॅसिनोफाइट्स आणि क्लोरोफाइट्स काढून एकच ओळ ठेवली असती, नाव सरळ "क्लोरोफिल-बी असलेले". खाली एक वाक्य: फेब्रुवारीत जाळी न लावता गाळलं, हिरवी नॉक्टिल्युका डोळ्यांनी दिसली, म्हणून या गटातला मोठा वाटा तिचा असण्याची शक्यता. टक्क्यांत तो वाटा सांगू नका. आणि मेच्या खेपेला जाळी होती, तेव्हा ते दोन महिने एका आलेखात शेजारी शेजारी लावताना काळजी घ्या. जाळीमुळे झालेला फरक ऋतूचा म्हणून खपेल.

एक शंका माझीही आहे, मायक्रोस्कोपवाल्या ताईंना. नॉक्टिल्युका डायटम्स खाते. तिच्या पोटातलं फ्युकोझँथिनही एचपीएलसीत येत असणार ना? मग फेब्रुवारीतले थोडे डायटम्स म्हणजे तिचं जेवण?

मायक्रोस्कोपवाली:

येतं. भरल्या पोटाची पेशी बघितली आहे मी, आत डायटमची साखळी अख्खी. किती येतं ते मात्र कोणी विचारू नका. 😄

खाडीवरची:

उद्या बादलीचा फोटो घेऊन गाइडकडे जाते. तक्ता बदलून वरचे नमुने वेगळे चालवले, क्लोरोफिलाइड बेरजेत घेतलं, साठही तक्ते लावले. सप्टेंबरच्या डायटम्सचा आकडा बदलला, फेब्रुवारीची क्लोरोफिल-बी वाली ओळ जवळपास तेवढीच राहिली. फायटोक्लास रात्रभर वीस बीजांवर लावून ठेवलंय. एचपीएलसीवाल्यांना फोन केला. त्यांना आमचं भांडण आठवतही नव्हतं.